तिसऱ्या घंटेआधीचे ताट

मुंबईत नाटक पाहायला येणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या महिन्यात ‘प्रवासातील शंका’ या सदराकडे आली आहेत. नाटक कोणते पाहावे, हे त्यांपैकी एकानेही विचारलेले नाही; मुक्कामाच्या आणि नाट्यगृहाच्या जवळपास जेवावे कुठे, एवढेच सर्वांना हवे आहे. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातील अडचण बहुतेक कुटुंबांची आहे.

प्रश्न : आम्ही घरचे सहा जण शनिवार-रविवार मुंबईला येत आहोत. मुक्काम दादर पूर्वेला, स्थानकापासून पाच मिनिटांवरच्या हॉटेलात आहे. शनिवारी रात्री ८ वाजता श्री शिवाजी मंदिर आणि रविवारी दुपारी ४ वाजता रवींद्र नाट्य मंदिर, अशी दोन नाटकांची तिकिटे काढली आहेत. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि त्या शाकाहारी आहेत. मीही मांसाहार करत नाही. बाकी चौघांना मात्र मुंबईत येऊन मासे खाल्ले नाहीत तर आल्यासारखे वाटणार नाही. मुलाने इंटरनेटवरून चाळीस ठिकाणांची यादी काढली आहे आणि ती वाचून गोंधळ वाढलाच आहे. नेमके कुठे जावे?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ज्या गावात मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, त्या गावच्या प्रेक्षकांना घंटेचे महत्त्व आम्ही सांगण्याची गरज नाही. तरीही सुरुवात घंटेपासूनच करावी लागते, कारण नाटकाच्या दिवशी जेवणाची जागा चवीवरून नव्हे, तर घड्याळावरून निवडावी, असे आमचे अनुभवाने झालेले मत आहे. आपल्या मुलाने काढलेल्या यादीत प्रत्येक ठिकाणाला पाचपैकी किती गुण मिळाले, हे दिसत असेल. पण शनिवारी संध्याकाळी सात वाजता तिथे बाहेरच्या बाकावर किती वेळ ताटकळावे लागते, बिल मागितल्यावर ते किती वेळाने येते आणि तिथून नाट्यगृहापर्यंत सासूबाईंच्या चालीने किती मिनिटे लागतात, हे त्या गुणांत नसते. म्हणून चाळीसची ती यादी बाजूला ठेवावी आणि तिसऱ्या घंटेपासून उलटे मोजत यावे.

शनिवारचा हिशेब असा. प्रयोग ८ चा आहे. शिवाजी मंदिर दादर पश्चिमेला प्लाझा चित्रपटगृहासमोर आहे आणि प्रेक्षागृहात जाण्यासाठी जिना चढावा लागतो. सासूबाईंना जिना चढून, दोन मिनिटे थांबून, आसनावर नीट बसायचे तर आपण साडेसातला दारात असणे बरे. म्हणजे हात धुऊन, बिल देऊन सव्वासातच्या आत उठले पाहिजे आणि त्यासाठी सहाच्या सुमारास टेबल मिळाले पाहिजे. सहा ही जेवणाची वेळ नव्हे, हे खरे. पण दादरमध्ये ती नाश्त्याची उत्तम वेळ आहे आणि नाटकाआधी पोटभर जेवण्यापेक्षा भरपेट नाश्ता केलेला केव्हाही चांगला. प्रयोग मध्यंतरासह साधारण अडीच तासांचा असतो. भात, वरण आणि तळलेली सुरमई पोटात घेऊन बसलेला प्रेक्षक दुसऱ्या अंकात पेंगणारच.

आता जागा. दादरची खरी विभागणी पूर्व आणि पश्चिम अशी आहे. आपले हॉटेल पूर्वेला आणि नाट्यगृह पश्चिमेला. मध्ये रेल्वेचे रूळ आहेत. ते ओलांडायला स्थानकावरचे पादचारी पूल आहेत, नाहीतर टॅक्सीने टिळक पुलावरून वळसा घ्यावा लागतो आणि शनिवारच्या संध्याकाळी हा लहानसा वळसा चांगलाच लांबतो. तेव्हा दुपारची विश्रांती झाल्यावर पाचच्या सुमारास एकदाच पश्चिमेला यावे आणि प्रयोग संपेपर्यंत पुन्हा पूर्वेला जाऊ नये. ‘हॉटेलच्या जवळ’ आणि ‘नाट्यगृहाच्या जवळ’ या दोन्ही अटी एकाच उपाहारगृहाकडून पुऱ्या करून घेण्याच्या हट्टानेच बहुतेकांची धावपळ होते. पूर्वेकडचे ‘प्रीतम’ पंजाबी जेवणासाठी जुने आणि नावाजलेले आहे. पण ते रिकाम्या संध्याकाळचे ठिकाण आहे, नाटकाआधीचे नव्हे.

पश्चिमेला संध्याकाळच्या नाश्त्यासाठी आम्ही तीनच नावे सुचवू. शिवसेना भवनासमोरचे ‘आस्वाद’ हे पहिले. त्याच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या एका पुरस्कारात जगातील सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवण्यात आले आणि तेव्हापासून तिथली रांग वाढली, ती वाढलीच. मिसळ मुलांनी खावी. सासूबाईंसाठी थालीपीठ आणि दही जास्त सोईचे. दुसरे नाव ‘प्रकाश’चे. तेही त्याच परिसरात, गोखले रस्त्यावर आहे. इथला साबुदाणा वडा बाहेरून कडक आणि आत मऊ असतो, तो फोडला की वाफ येते. आणि इथले पियुष घट्ट, केशरी रंगाचे, जायफळाचा वास असलेले. पियुष प्रयोगाआधी पिऊ नये, असा आमचा मनापासूनचा सल्ला आहे: जायफळ आणि वातानुकूलित अंधार यांची युती कोणत्याही नटाला भारी पडते. शिवाय ते गोड असल्याने सासूबाईंच्या पेल्यात मुळीच जाऊ नये. तिसरे ‘मामा काणे’, स्थानकाबाहेर सेनापती बापट मार्गावर, १९१० पासूनचे. पुलावरून उतरताच समोर येते म्हणून पाय दुखणाऱ्यांना ते सर्वांत जवळचे. मात्र बाहेर फेरीवाल्यांची आणि गाडी पकडणाऱ्यांची गर्दी असते, त्यामुळे वृद्ध माणसाचा हात धरूनच आत शिरावे.

या तिघांतून एक निवडायचे तर सहा जणांसाठी आम्ही ‘आस्वाद’ निवडू. पण साडेपाचलाच तिथे नाव लिहून ठेवावे आणि सव्वासहापर्यंत आत बोलावले नाही, तर रेंगाळत न बसता ‘प्रकाश’कडे वळावे. हा निर्णय आधीच घरात ठरवून ठेवावा, कारण रांगेत अर्धा तास काढल्यावर ती सोडण्याची तयारी कोणाचीच नसते. मीही एकदा याच मोहाने फसलो आहे. नाव सांगत नाही, पण एका गाजलेल्या ठिकाणी पावणेसातला आत गेलो, ताट पावणेआठला आले आणि बिल शेवटपर्यंत आलेच नाही. गल्ल्यावर जाऊन अंदाजाने पैसे दिले आणि पहिल्या अंकाची सुरुवात मागच्या भिंतीला टेकून, लोकांच्या डोक्यांवरून पाहिली. त्या दिवशीचे कालवण उत्तम होते, पण आज विचाराल तर त्याची चव आठवत नाही, भिंत आठवते.

प्रयोग संपून बाहेर पडायला अकरा वाजतील. नाश्त्याची उपाहारगृहे तोवर आवरलेली असतात आणि खानावळींत शेवटची ऑर्डर होऊन गेलेली असते. म्हणून निघण्यापूर्वीच हॉटेलच्या स्वागतकक्षात विचारून ठेवावे, की रात्री स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत चालू असते आणि दहीभात किंवा मुगाची खिचडी खोलीत मिळेल का. मिळणार नसेल, तर संध्याकाळी येतानाच काहीतरी बांधून घ्यावे. सासूबाईंच्या बाबतीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. सहाचा नाश्ता आणि साडेअकराचे जेवण यांतील अंतर मधुमेह असलेल्या माणसासाठी मोठे आहे. त्यांच्या गोळीची किंवा इन्सुलिनची वेळ या दिवशी कशी ठेवावी, हे सांगलीहून निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे आणि पिशवीत खाण्याचा एक सुका डबा ठेवावा.

राहिले मासे. त्यांच्यासाठी शनिवारची दुपार मोकळी ठेवावी. रविवारी दुपारी मुंबईकर स्वतःच सहकुटुंब माशांवर तुटून पडतात, त्यामुळे त्या दिवशी मालवणी खानावळींबाहेर दीडच्या सुमारास उभे राहायलाही जागा नसते. शिवाय आपल्याला चारला प्रभादेवी गाठायची आहे आणि बांगड्याचे काटे घड्याळाकडे पाहत काढता येत नाहीत. शिवसेना भवनाच्या मागच्या बाजूला, आर. के. वैद्य मार्गावर ‘सिंधुदुर्ग’ आहे. शनिवारी साडेबाराच्या आत आपल्या चौघांनी तिथे बसावे आणि सुरमईचे किंवा बांगड्याचे ताट, सोलकढी आणि वर आणखी थोडा भात असे निवांत जेवावे. आपण दोघी मात्र त्यांच्याबरोबर जाऊ नका. अशा खानावळींत शाकाहारी ताटही मिळते, पण ते मिळते एवढेच. त्याच्याकडे स्वयंपाक्याचे मन नसते आणि सासूबाईंना शेजारच्या ताटाचा वास दोन तास सोसावा लागतो. त्या वेळात आपण दोघींनी चालत काही मिनिटांवरच्या ‘आस्वाद’मध्ये किंवा ‘प्रकाश’मध्ये जेवून घ्यावे आणि दोन वाजता सर्वांनी शिवसेना भवनाच्या चौकात भेटावे. सहलीतले प्रत्येक जेवण एकाच टेबलावर झाले पाहिजे असा आग्रह आपल्याकडे असतो. तो सोडला तर निम्मे वाद संपतात.

रविवारी रवींद्र नाट्य मंदिराच्या अगदी दारात जेवण शोधण्याच्या फंदात पडू नये. सकाळी पोटभर नाश्ता करून बाराच्या सुमारास दादरमध्येच हलके जेवावे आणि तीनच्या सुमारास निघावे. भुयारी मेट्रोने दादर ते सिद्धिविनायक हे एकच स्थानक आहे. तिचे दादर स्थानकही पश्चिमेलाच आहे. टॅक्सीने गेल्यास सिद्धिविनायकाच्या गर्दीचा हिशेब धरावा. ज्यांची तिकिटे मंगळवारची असतील, त्यांनी तर तो दुप्पट धरावा आणि अंगारकीला त्या रस्त्यावर टॅक्सीचा विचारही करू नये. चारचा प्रयोग साडेसहा-सातला सुटतो. ती रविवारची खरी मोकळी वेळ: काल ज्याची रांग सोडावी लागली, तिथे आता जावे. हवे असल्यास पियुषही घ्यावे.

प्रश्न : माटुंग्याच्या यशवंत नाट्य मंदिरात साडेतीनचा प्रयोग आहे. माटुंग्यात उत्तम दाक्षिणात्य जेवण मिळते असे ऐकतो. तेव्हा नाट्यगृहाजवळच जेवण होईल, असे गृहीत धरू ना?
— एक वाचक, लातूर

उत्तर : धरू नये, कारण माटुंगे दोन आहेत. यशवंत नाट्य मंदिर पश्चिम रेल्वेच्या माटुंगा रोड स्थानकाच्या बाजूला, पश्चिमेला आहे. आपण ज्या उडुपी उपाहारगृहांबद्दल ऐकता, ती मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकाच्या पूर्वेला आहेत. दोघांमध्ये दोन्ही रेल्वेमार्ग आडवे येतात. ‘झेड ब्रिज’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पादचारी पुलावरून चालत पलीकडे जाता येते, पण पायऱ्या चढाव्या लागतात आणि जेवल्यावर त्या जास्त वाटतात. पाऊण तास हाताशी ठेवून निघणाऱ्याला मात्र हा रस्ता टॅक्सीपेक्षा खात्रीचा आहे.

साडेतीनच्या प्रयोगासाठी पूर्वेला साडेअकरा-बारालाच पोहोचावे. बसून, केळीच्या पानावर, सांबार-रसम-ताकासह जेवायचे असेल तर माटुंगा स्थानकाजवळचे ए. रामा नायक यांचे श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. ते १९४२ पासून चालू आहे. पंगतीची शिस्त ज्यांनी लहानपणी पाहिली आहे, त्यांना तिथे घरी आल्यासारखे वाटेल: पान मांडले जाते, वाढपी फिरत राहतात आणि पुरे म्हणायला जरा उशीर झाला की भाताचा आणखी एक ढीग पानात येतो. म्हणूनच नाटकाआधी तिथे जपून जेवावे. झटपट खायचे असेल तर स्थानकाबाहेरचे ‘राम आश्रय’ बरे. इडली, डोसा आणि अननसाचा शिरा घेऊन अर्ध्या तासात उठता येते. १९४० पासूनचे ‘कॅफे मद्रास’ आम्हाला स्वतःला अधिक आवडते, रसमवडा आणि कडक फिल्टर कॉफी यांच्यासाठी. पण रविवारी सकाळी तिथे फुटपाथवर जो जमाव दिसतो तो पाहता प्रयोगाच्या दिवशी तिकडे फिरकू नये असेच म्हणू. या तिन्ही ठिकाणी अनोळखी माणसांशेजारी, एकाच टेबलावर बसवले जाण्याची तयारी ठेवावी. त्यात कोणी अपमान मानत नाही. आपला प्रयोग सोमवारी असेल तर ‘कॅफे मद्रास’ बंद असते, आणि इतरांची सुट्टीही आधी विचारून घ्यावी.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र महाविद्यालयात शिकतो. अंधेरीला एका स्वस्त हॉटेलात उतरून पृथ्वी थिएटरला रात्री नऊचा प्रयोग पाहणार आहोत. तिथल्या कॅफेतच जेवावे की बाहेर? खर्च बेताचा हवा.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी नाटक, मग जेवण, असा क्रम ठेवावा. जुहूचे पृथ्वी थिएटर १९७८ मध्ये सुरू झाले. ते सुमारे २०० आसनांचे छोटे नाट्यगृह आहे आणि प्रेक्षक रंगमंचाच्या तिन्ही बाजूंना बसतात. तिकिटावर आसनक्रमांक नसतो; जो आधी रांगेत तो आधी आत. प्रयोग सुरू झाल्यावर दार बंद होते आणि उशिरा येणाऱ्याला, तो कितीही हात जोडो, आत घेत नाहीत. म्हणजे साडेआठला रांगेत उभे राहणे भाग आहे. आवारातल्या कॅफेत प्रयोगाआधी टेबल मिळवण्यासाठी जी झुंबड असते, तिच्यात सापडून रांगेतला क्रमांक घालवू नये. तिथे सुलेमानी चहा प्यावा आणि आजूबाजूला बसलेले नट ओळखण्याचा खेळ खेळावा. तेवढा खर्च विद्यार्थ्यांना परवडेल.

पोटासाठी संध्याकाळी सातच्या सुमारास रिक्षाने विलेपार्ले पश्चिमेला उतरावे. मिठीबाई महाविद्यालयासमोर ‘आनंद’चा डोसा आणि वडापाव उभ्याने खाता येतो, त्यामुळे टेबलाची वाट पाहणे नाही आणि वेटरची बक्षिशी नाही. प्रयोगानंतर पुन्हा भूक लागली, आणि त्या वयात ती लागतेच, तर कूपर रुग्णालयाच्या बाजूचे ‘अमर ज्यूस सेंटर’ रात्री उशिरापर्यंत पावभाजी देते.

प्रश्न : मध्यंतरात बटाटेवडा मिळतोच. मग नाटकाआधी वेगळे काही खाण्याची गरज आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मराठी नाट्यगृहातील बटाटेवडा ही एक परंपरा आहे, तिला जेवण समजू नये. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचे असते आणि भरलेल्या प्रेक्षागृहातील निम्मे लोक एकाच खिडकीकडे धावतात. सराईत प्रेक्षक अंक पडण्याच्या आधीच्या टाळीला उठतो, हे योग्य नाही, पण तो उठतो. आपण पडदा पडल्यावर सभ्यपणे उठलात तर आपला क्रमांक येईतो पहिली घंटा होते. मग कागदात गुंडाळलेला वडा हातात येतो, तो इतका गरम असतो की बोटे बदलत धरावा लागतो; आतल्या बटाट्याची वाफ जीभ पोळते, तळलेल्या मिरचीचा तुकडा दाताखाली येतो आणि तेवढ्यात दुसरी घंटा होते. उरलेला घास तोंडात कोंबून, तेलकट हात रुमालाला पुसत अंधारात आपली रांग शोधावी लागते. हे सगळे अनुभवावेच, पण पोटात आधी काहीतरी असताना. भुकेने खाल्लेला वडा निम्म्या मजेचा असतो आणि दोन खाल्ले तर पित्ताचा.

प्रेक्षागृहात खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत, तेव्हा उरलेला वडा आसनावर बसून संपवू असे मनात असेल तर ते विसरावे.

प्रश्न : हॉटेलच्या भाड्यात सकाळचा नाश्ता धरलेला आहे. तो सोडून बाहेर मिसळ खायला जाणे शहाणपणाचे आहे का? आमचे नाटक सकाळी साडेदहाचे, शिवाजी मंदिरला आहे.
— एक वाचक दांपत्य, बेळगाव

उत्तर : या एका प्रसंगी हॉटेलचाच नाश्ता घ्यावा, तो कितीही सपक असला तरी. साडेदहाच्या प्रयोगाला दहाच्या सुमारास पोहोचायचे म्हणजे बाहेर जायला आपल्याकडे जेमतेम दीड तास उरतो, आणि रविवारची सकाळ असेल तर दादरमधल्या नावाजलेल्या मिसळीसमोर तेवढ्या वेळात रांगच पुढे सरकते. नाश्ता सकाळी किती वाजता मांडतात, हे मात्र आदल्या रात्री विचारून घ्यावे. काही हॉटेले सुट्टीच्या दिवशी साडेआठच्या आत कढई तापवत नाहीत. प्रयोग एकच्या सुमारास सुटेल. तेव्हा मिसळ खावी.